एक हात मनगटावर, एक हात हृदयावर: ह्यू मोंटगोमेरीचं प्रकरण

१६४१ साली अठरा-एकोणीस वर्षांचा एक आयरिश तरुण फ्रान्स आणि इटलीचा प्रवास आटपून लंडनला आला. ह्यू मोंटगोमेरी हे त्याचं नाव. उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या व्हायकाउंट (हा एक सरदारी किताब) घराण्याचा हा मुलगा अंगाने धडधाकट होता, चेहऱ्यावर तेज होतं, हिंडण्या-फिरण्यात कुठे कमी नव्हता. फक्त कपड्यांच्या आत, छातीच्या डाव्या बाजूला, तो धातूची एक पट्टी बांधून ठेवायचा. पट्टी काढली की खाली भोक होतं. तीन बोटं आणि अंगठा एकदम आत जाईल एवढं मोठं.

लहानपणी तो जोरात पडला होता. डाव्या बरगड्या मोडल्या, आत गळू झालं, ते फुटलं आणि जखमेतून कितीतरी दिवस पू वाहत राहिला. प्रतिजैविकांच्या तीनशे वर्षं आधीची ही गोष्ट. असं पोर वाचायचं नाही, पण हे वाचलं. जखम भरली ती मात्र कडेकडेने. मधलं तोंड उघडंच राहिलं. एक नोकर रोज कोमट पाण्याची पिचकारी मारून ते धुवायचा आणि पट्टी परत बांधायचा. घरच्यांना त्याची सवय झाली होती.

ही बातमी राजा पहिला चार्ल्स याच्या कानावर गेली. त्याने आपल्या वैद्याला, विल्यम हार्वेला, बघून यायला पाठवलं. हार्वे तेव्हा ६३ वर्षांचा होता, आणि या कामाला त्याच्याइतका योग्य माणूस सगळ्या युरोपात नव्हता. रक्त शरीरात गोल फिरतं, हृदय ते ढकलतं, हे त्याने १३ वर्षांपूर्वी, १६२८ साली, फ्रँकफर्टला छापलेल्या ७२ पानांच्या लॅटिन पुस्तकात मांडलं होतं. त्यावरून शिव्याही बऱ्याच खाल्ल्या होत्या.

आत हलतंय ते काय?

पट्टी काढल्यावर हार्वेला भोकात मांसाचा एक गोळा आत-बाहेर होताना दिसला. तो चकित झाला, असं त्याने स्वतःच लिहिलंय. पण चकित होऊन थांबला नाही, आणि मला या प्रकरणात सगळ्यात आवडतो तो त्याचा पुढचा अर्धा मिनिट.

छातीत हलणाऱ्या गोष्टी दोन: फुफ्फुस आणि हृदय. लालसर मांसाचा गोळा वर-खाली होतोय एवढ्यावरून तो यातला कोणता हे सांगता येत नाही. हार्वेने एक हात त्या गोळ्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने तरुणाचं मनगट धरलं आणि डोळ्यांनी त्याचा श्वास बघत राहिला. श्वास मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, नाडी सत्तरच्या आसपास. शरीरातली ही दोन घड्याळं वेगवेगळ्या चालीने चालतात. गोळा श्वासाची चाल सोडून नाडीच्या चालीने हलत होता. म्हणजे हे फुफ्फुस नव्हे. हे हृदयाचं टोक, वर जखमेच्या मांसाचा थर चढलेलं.

यंत्र नाही, भिंग नाही, चिरफाड नाही. दोन हात आणि एक तुलना. वैद्यकशास्त्रातल्या पुष्कळ भारी तपासण्यांचा गाभा अजूनही हाच आहे, फक्त हातांच्या जागी तारा आल्यात.

हार्वे त्या तरुणाला घेऊन राजाकडे गेला. राजाने बघितलं, हात लावला. मोंटगोमेरी घराण्याच्या इतिहासात एक आख्यायिका आहे: तुझं हृदय दिसलं तसे माझ्या काही सरदारांच्या हृदयातले विचार दिसले असते तर बरं झालं असतं, असं राजा म्हणाला म्हणे. पुढच्याच वर्षी इंग्लंडात यादवी सुरू झाली आणि १६४९ साली राजाचं डोकं उडवलं गेलं, त्यामुळे ही गोष्ट नंतर रंगवलेली असेल अशी मला शंका आहे. पण शोभते खरी.

खाटकाकडचं काळीज

या भेटीत राजाला गंमत दिसली असेल. हार्वेला मात्र त्यात एक भांडण मिटवायची संधी दिसली असावी. ते समजायला जरा मागे जायला हवं.

मराठीत ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणताना आपण हृदयाबद्दल बोलतो. पण रविवारी मटणाच्या दुकानात काळीज मागा. खाटीक तुम्हाला यकृत देईल. हृदय हवं तर ‘दिल’ मागावं लागतं. भाषेने दोन अवयवांना एकच शब्द वाटून दिलाय. तसा गोंधळ, शब्दाचा नव्हे तर समजुतीचा, युरोपातल्या वैद्यकातही जवळजवळ दीड हजार वर्षं होता. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या मते रक्त तयार होतं यकृतात, खाल्लेल्या अन्नातून. ते शिरांतून सगळीकडे झिरपत जातं आणि वापरलं जातं; उद्या नवं. त्यातलं थोडं हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या बाजूला जातं. या व्यवस्थेत हृदयाचं मुख्य काम फुगून ओढून घेण्याचं. म्हणजे खरा राजा काळीजच, खाटकाच्या अर्थाचं!

हार्वेने याला साध्या हिशेबाने छेद दिला. हृदयाच्या एका ठोक्याला समजा फक्त अर्धा औंस, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, रक्त बाहेर पडतं. अर्ध्या तासात समजा १००० ठोके. (मिनिटाला जेमतेम ३३, आकडे मुद्दामच कमी धरलेत, म्हणजे भांडणाऱ्याला तोंड उघडायला जागा नको.) तरी अर्ध्या तासात १४-१५ किलो रक्त होतं. अख्ख्या माणसात इतकं रक्त नसतं आणि अर्ध्या तासात कुणी इतकं जेवतही नाही. मग तेच रक्त परत परत येत असणार. आज आपल्याला नेमके आकडे माहीत आहेत: मोठ्या माणसात रक्त साधारण ५ लिटर, एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके. सगळं रक्त मिनिटभरात एक फेरी मारून येतं. दिवसाला एक लाख ठोके आणि ७००० लिटर. गच्चीवर असते ती हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा आणि तशा सात टाक्या रोज उपसणारा एक मुठीएवढा स्नायू.

रक्त फिरतं हे हळूहळू लोक मानायला लागले. अगदी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनेही मानलं. पण १६३७ साली त्याने लिहिलं की हृदय रक्त ढकलतं ते दाबून नव्हे. हृदय ही भट्टी आहे. आत पडलेले रक्ताचे थेंब तापून फसफसतात, हृदय फुगतं आणि फुगण्याच्या जोरावर रक्त बाहेर पडतं. दूध उतू जातं तसं. म्हणजे प्रश्न उरला तो असा: हृदय काम करतं ते आवळताना की फुगताना?

हा प्रश्न बघून सुटण्यासारखा वाटतो, पण तसा नाही. जिवंत प्राण्याचं हृदय इतक्या भरभर हलतं की आधी काय आणि नंतर काय हे डोळ्याला पकडता येत नाही. सुरुवातीला हार्वे इतका हताश झाला होता की हृदयाची हालचाल देवालाच कळत असावी असं त्याला वाटायला लागलं होतं. मग त्याने बेडूक, साप, मासे असे थंड रक्ताचे प्राणी घेतले, ज्यांचं हृदय सावकाश चालतं. किंवा मरणाला टेकलेली कुत्री-डुकरं. त्यातून उत्तर मिळालं. पण समोरचा म्हणू शकत होता: बेडूक म्हणजे माणूस नव्हे, आणि मरताना हृदय जे करतं तेच जगताना करतं कशावरून?

आणि आता समोर उभा होता एक तरुण. जिवंत, निरोगी, बोलणारा माणूस.

बेटकुळी

राजासमोर हार्वेने जे टिपलं ते असं: हृदय सैल पडतं तेव्हा त्याचं टोक आत जातं, आवळतं तेव्हा बाहेर येऊन छातीवर आपटतं, आणि नेमकं त्याच वेळी मनगटावर नाडी उसळते.

इथे कुणाचाही गोंधळ उडेल. बाहेर येणं म्हणजे फुगणं, आत जाणं म्हणजे आवळणं असं आपलं डोकं सांगतं. छातीवर हात ठेवून ठोका मोजणाऱ्या बहुतेकांना आजही वाटतं की हृदय फुग्यासारखं भरून बरगडीवर आपटलं. देकार्तचीही तीच फसगत झाली.

लहानपणी आपण बेटकुळी काढून दाखवायचो ते आठवा. हात दुमडला की दंडावर गोळा वर येतो, दाबला तर दगडासारखा. आपण म्हणायचो दंड फुगला. खरं तर तो स्नायू आखडलेला असतो. लांबीने कमी झाला म्हणून मध्ये वर आला आणि कडक झाला. हृदयाचा ठोका म्हणजे बेटकुळी आहे. स्नायू आवळतो, कडक होतो, त्याचे तिरके धागे ओला पंचा पिळल्यासारखे त्याला किंचित पिळतात आणि टोक पुढे येऊन पाचव्या-सहाव्या बरगड्यांच्या मधल्या जागेत धडकतं. ज्या क्षणी रक्त बाहेर फेकलं जातं तोच हा क्षण. म्हणून त्याच वेळी नाडी. फुगते ती धमनी, आणि ती फुगते कारण हृदय आवळलेलं असतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगून पटत नाही, म्हणून दरवर्षी एकदा बकऱ्याचं दिल आणतो. (शाकाहारी मुलांना वर्गाबाहेर बसायची मुभा, बहुतेक दारातून डोकावतात.) आमच्या खाटकाला सांगावं लागतं की वरच्या नळ्या कापू नको, अख्खं दे. नळाखाली धरून आतल्या रक्ताच्या गाठी काढल्या की मुलांच्या हातात देतो. पहिली गोष्ट त्यांना जाणवते ती भिंतीची जाडी. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत बोटाएवढी जाड. उजवी तिच्यापुढे कापडासारखी. उजव्या बाजूला रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत पाठवायचंय, डाव्या बाजूला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. रक्त दोन्ही बाजूंनी सारखंच जातं, पण लागणारा जोर वेगळा. फुगून काम करणारी पिशवी अशी असती का? फुगायचं असेल तर भिंत पातळ हवी. एवढी जाड भिंत पिळायलाच असते.

मग एका मुलीला विणकामाची सुई देतो आणि मधल्या पडद्यातलं गेलनचं छिद्र शोधायला सांगतो. ती शोधत बसते. छिद्र नसतं.

शेवटी महाधमनीच्या तोंडातून पाणी ओततो. आतल्या अर्धचंद्रासारख्या तीन झडपा पाण्याने भरतात, एकमेकींना चिकटतात आणि पाणी खाली उतरत नाही. मुलं हृदय हलवतात, दाबतात. झडपा धरून ठेवतात. झडपेला चालवणारा वेगळा स्नायू नाही. खालून दाब आला की उघडतात, वरून आला की मिटतात, वाड्याच्या एकाच बाजूने ढकलता येणाऱ्या दिंडीदारासारख्या. आपण स्टेथोस्कोपमध्ये जे ‘लब-डब’ ऐकतो ते झडपा मिटताना येतं: पहिला आवाज खालच्या कप्प्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा, दुसरा या तीन झडपांचा.

एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतो. त्यातले आवळण्याचे ०.३, सैल राहण्याचे ०.५. म्हणजे रोज लाख ठोके देणारा हा स्नायू निम्म्याहून जास्त वेळ सैल असतो, आणि ती विश्रांती नुसती चैन नाही. हृदयाच्या स्वतःच्या डाव्या भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः या सैल वेळात. आवळलेला असताना तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. नाडी फार वाढली की कापला जातो तो हाच वेळ. जिने चढताना ज्यांच्या छातीत दाब येतो त्यांच्या बाबतीत हेच होतं: काम वाढलेलं आणि जेवायची सुट्टी कमी झालेली.

हार्वे कुठे चुकला

राजाने हात लावला तेव्हा तरुणाला काही कळलं नाही. डोळ्यांनी बघितलं नाही आणि बाजूच्या कातडीला बोट लागलं नाही, तर स्पर्श झाल्याचं त्याच्या गावीही नसे. यावरून हार्वेने निष्कर्ष काढला की हृदयाला स्पर्शाची जाणीव नसते.

निष्कर्ष बरोबर, पुरावा कच्चा. त्यानेच लिहिलंय की टोकावर जखमेच्या मांसाचा थर होता. राजाने स्पर्श केला तो त्या थराला. त्यात जाणीव नसली तर हृदयाबद्दल काय सिद्ध होतं? वकिलाने उलटतपासणीत एवढं विचारलं असतं तर हार्वे अडचणीत आला असता. पक्का पुरावा यायला १९२९ उजाडावं लागलं. वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून मूत्रमार्गासाठी असलेली एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सारली आणि नळी आत असतानाच चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. आज अँजिओग्राफीच्या टेबलावर माणूस जागा असतो, डॉक्टरांशी गप्पा मारतो. नळी आत फिरते आहे हे त्याला हृदयाकडून कळत नाही.

पण याच मुक्या हृदयाचं दुखणं माणसाला गुडघ्यावर आणतं, ते कसं? हृदयाला बोट लावलेलं कळत नाही, उपाशी ठेवलेलं कळतं. रक्त तुटलं की स्नायूत साचणारी रसायनं मज्जातंतूंना चेतवतात. ते मज्जातंतू पाठीच्या कण्यात जिथे शिरतात तिथेच डाव्या दंडाच्या आतल्या बाजूचेही येतात. मेंदूने जन्मभर हृदयाकडून एक अक्षर ऐकलेलं नसतं, हाताकडून मात्र रोज ऐकलेलं असतं. म्हणून तो तक्रार हाताच्या नावावर टाकतो. कधी जबड्याच्या, कधी पोटाच्या वरच्या भागाच्या. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन झोपलेले आमच्या गल्लीतले एक काका सकाळी उठले नाहीत. घाम फुटला होता, पोटाच्या वर जड वाटत होतं आणि छातीत दुखत नव्हतं. छातीत दुखत नाही म्हणजे हृदय नाही, असा घरातल्या सगळ्यांचा समज. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि माझाही तोच समज होता.

भोक असूनही ह्यू जगला कसा, हाही प्रश्न वाचकाच्या मनात असेल. छातीला भोक पडलं की हवा आत शिरून फुफ्फुस मिटतं, माणूस गुदमरतो. इथे बहुधा वर्षानुवर्षांच्या सुजेने आतले पडदे एकमेकांना आणि छातीच्या भिंतीला चिकटले असावेत आणि हवेला शिरायला पोकळीच उरली नसावी. पुवाने पोराला जवळजवळ मारलं आणि त्याच पुवाने आतून शिवण घातली. त्यानंतर तो नुसता जगला नाही. वडिलांमागे व्हायकाउंट झाला, आयर्लंडच्या लढायांत घोडदळ घेऊन उतरला, १६४६ साली बेनबर्बच्या लढाईत पकडला गेला, सुटला, पुढे त्याच्या वरचा किताब मिळून अर्ल झाला आणि १६६३ साली वारला. हार्वेने हे सगळं निरीक्षण १६५१ साली छापलं, तेही प्राण्यांच्या जन्मावरच्या एका जाड ग्रंथात मध्येच, जाता जाता सांगितल्यासारखं.

गेल्या दिवाळीनंतर बाबांचा टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, डाव्या कुशीवर वळा, डावा हात डोक्याखाली घ्या.” कुशीवर वळलं की हृदय बरगड्यांच्या जवळ येतं. गार जेल लावून त्यांनी यंत्राची मूठ टेकवली, ती जवळजवळ तिथेच, जिथे ह्यूची पट्टी असायची. पडद्यावर जाड डावी भिंत आत आवळताना दिसत होती, आणि प्रत्येक आवळण्याला टोक मुठीच्या बाजूला किंचित धडकत होतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ईएफ ६० टक्के. बाकावर बसून बाबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“म्हणजे चाळीस टक्के गेलं?”

“गेलं नाही बाबा. हृदय कधीच पूर्ण रिकामं होत नाही. भरल्यावर आत साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं, त्यातलं ७० बाहेर फेकतं, बाकीचं आतच. पंचावन्न-साठ म्हणजे पैकीच्या पैकी.”

त्यांचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं. मग मी त्यांना सांगितलं, उजवा हात छातीवर इथे ठेवा, आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं मी त्यांच्या उजव्या मनगटावर धरून ठेवली, नाडी लागेपर्यंत. ते डोळे मिटून बसले. समोरून नंबर पुकारले जात होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मनगटाचा जरासा मागून येतोय.”

हार्वेने दोन्ही एकाच वेळी होतात असं लिहिलंय. दाबाची लाट मनगटापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग, कधी थोडा जास्त लागतो. बाबांना तो सापडला होता.